किमान साठा

जग संपल्यावर माणसाला सगळ्यात आधी काय लागतं? पाणी, अन्न, डोक्यावर छप्पर असं तुम्ही म्हणाल, कारण तुम्ही आमचा गेम खेळलेला नाही. सगळ्यात आधी लागतो सरस. चिकटवायचा सरस, डिंकाचा थोरला भाऊ. बंदूक दुरुस्त करायची तर सरस, पाण्याचा पंप बसवायचा तर सरस, भिंतीला पत्रा मारायचा तरी सरसच. बॉम्ब पडले, शहरं भाजून निघाली, माणसं गेली. पण ज्याने कुणी हा गेम बनवला त्याच्या मते उरलेल्या जगाची खरी अडचण एवढीच, की कशाला काही चिकटत नाही.

हा गेम मी ऑफिसातल्या तिघांबरोबर खेळायचे. ऑफिस म्हणजे अँब्युलन्सची कंट्रोल रूम. मी फोन घेते. बाकीच्यांत एक नर्स, एक ड्रायव्हर आणि एक वायरलेसवाला. दिवसभर खऱ्या माणसांची पडझड ऐकायची आणि संध्याकाळी सहा ते आठ आपापल्या घरी बसून खोट्या माणसांची वस्ती सांभाळायची, याला आम्ही विरंगुळा म्हणायचो. वस्तीत चौदा माणसं होती, सगळी कॉम्प्युटरने घातलेली. त्यांना खाट द्यायची, पाणी द्यायचं, भोवती भिंत बांधायची आणि लुटारू आले की लढायचं. कॅप्टन नर्स. तिला कुणी निवडलं नव्हतं, पण तिच्या आवाजापुढे निवडणूक घ्यायची हिंमत कुणाला झाली नाही.

मग माझे सासरे रिटायर झाले.

सासरे एका मोठ्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, चौतीस वर्षं. नट-बोल्टपासून क्रेनच्या दोरापर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात, आणि त्यांच्या ताब्यातून एखादी वस्तू बाहेर काढणं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास काढणं. रिटायर झाले त्या दिवशी त्यांचं स्टोअर छतापर्यंत भरलेलं होतं. ही गोष्ट ते अभिमानाने सांगायचे. पुढची गोष्ट सांगायचे नाहीत, ती सासूबाईंनी सांगितली. आठवड्याने ते राहिलेल्या किल्ल्या द्यायला गेले, तर दारात ट्रक उभा. नव्या साहेबाने सगळा माल भंगारात काढला होता. अर्ध्या वस्तूंची वेष्टनंही फोडलेली नव्हती. सासरे ट्रक भरेपर्यंत उभे राहिले आणि घरी येऊन झोपले.

त्यानंतर त्यांनी आमचं स्वयंपाकघर हाती घेतलं. डब्यांवर तारखा चिकटल्या. चमचे मोजले गेले. नवा साबण हवा असेल तर जुन्याची चिपटी दाखवावी लागे. तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांना कुठेतरी गुंतव, नाहीतर एक तर ते जातील किंवा मी. मी सासऱ्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि त्यांना जगबुडीनंतरच्या जगात सोडून दिलं. पाप माझंच आहे, नाकारत नाही.

आणि काय सांगू, माणूस तिथे सोन्यासारखा निघाला. आम्ही चौघं इतके दिवस दिसेल ते उचलत होतो. पडक्या घरात शिरायचं, टेबलफॅन, टेलिफोन, टाइपरायटर, कढया, सगळं पोत्यात कोंबायचं. पोतं ठरावीक वजनाच्या वर गेलं की गेममधला माणूस पाय ओढत चालतो, आणि पाय ओढणारा माणूस दिसला की लुटारू त्याला आधी गाठतात. ड्रायव्हर असा अकरा वेळा मेला होता, त्यातला एकदा तर कपड्यांच्या इस्त्रीपायी.

सासरे पहिले चार दिवस नुसते बघत बसले, हातात वही. पाचव्या दिवशी त्यांनी आम्हाला शिकवणी दिली. वस्तू बघू नका, म्हणाले, तिच्या पोटात काय आहे ते बघा. पंख्याचं वजन तीन आणि पोटात दोन स्क्रू. मग अख्खा पंखा कशाला वाहता? तिथेच फोडा, स्क्रू घ्या, सांगाडा सोडा. टेलिफोनमधली तांब्याची तार घ्या, डबडं टाका. आणि जाताना वाटेतल्या घरांत शिरायचं नाही. रिकाम्या हाताने सरळ सगळ्यात लांबच्या घरी जायचं आणि तिथून वेचत वेचत परत यायचं, म्हणजे पोतं जड होतं तेव्हा आपण दाराशी असतो. सरस शोधत फिरण्यात तर अर्थच नाही; हाडं गोळा करा, पाणी आणा, उकळा, घरच्या घरी सरस. जग संपलंय, हाडांना काय तोटा?

महिन्याभरात वस्तीतल्या पेट्या गच्च भरल्या. ड्रायव्हर मरायचा थांबला. नर्सने आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी स्तुती केली आणि पेट्यांची किल्ली स्टोअरकाकांच्या हाती दिली. सगळे त्यांना स्टोअरकाकाच म्हणायला लागले होते. त्या संध्याकाळी सासरे जेवताना दोनदा हसले.

त्याच महिन्यात सासूबाई ओल्या फरशीवरून घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन घरी आल्या. सासूबाई म्हणजे कोर्टात हेडक्लार्क होत्या. वकिलांना रांगेत उभं करणारी बाई. पहाटे उठून एकटीने निवांत आंघोळ करणं हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव ऐशआरामाचं काम. ते गेलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं की बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी लावा; दांडी लागली की ह्या एकट्या आंघोळ करतील, तोवर सोबत कुणीतरी हवंच.

कुणीतरी म्हणजे मी. रोज सकाळी सासूबाई बाथरूममध्ये स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि मी त्यांच्या पाठीवर पाणी ओतायचे. त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत. मीही बोलायचे नाही. पहिल्या दिवशी एकदाच म्हणाल्या, "मला माझी माझी आंघोळ करायचीय." तक्रार म्हणून नव्हे, अर्ज दाखल करावा तसं.

दांडी विकत आणायला मी निघालेच होते. सासऱ्यांनी अडवलं. घरात माल असताना बाहेरून आणायचा? पॅसेजमधलं लोखंडी कपाट उघडून त्यांनी दाखवलंच: स्टेनलेस स्टीलचे दोन पाईप, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, त्यांचे ब्रॅकेट, बोल्ट, वायसर. कारखान्यातला एक खिळा त्यांनी कधी घरी आणला नाही. हे सगळं वेळोवेळी स्वतः घेऊन जपलेलं. त्यांनी भिंत मोजली. सासूबाईंच्या कोपराची उंची मोजली. पेन्सिलीने भिंतीवर चार बारीक फुल्या काढल्या. मग कपाटाला कुलूप घातलं आणि म्हणाले, "एक पाईप आणखी आला की लगेच लावू."

मी विचारलं, दोन आहेत, लागतो एक, तिसरा कशाला? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की किमान साठा ही काय चीज आहे. स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूचा एक किमान साठा ठरलेला असतो. त्याच्या खाली माल जाऊ द्यायचा नाही, मग मागायला ब्रह्मदेव येवो. पाइपांचा किमान साठा दोन. एक काढला तर एकच उरतो. सासऱ्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मला क्षणभर माझंच गणित कच्चं वाटलं.

मी प्लंबर बोलावला. सासऱ्यांनी त्याला दारातूनच परत पाठवला, वर त्याच्या ड्रिलला चांगला बिट नाही असं सुनावलं. नवऱ्याला सांगितलं. नवरा बॉयलरवर काम करतो, रोज शंभर किलोचा दाब सांभाळतो, पण बापासमोर त्याची वाफ होते. म्हणाला, बाबांचं बाबांना कळतं, आणि शिफ्टला निघून गेला. आता विचाराल की मग तू काय केलंस. मी काही केलं नाही. सासरे गेममध्ये असले की घर शांत असायचं, आणि ती शांतता मला सासूबाईंच्या आंघोळीपेक्षा प्यारी झाली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

तिकडे वस्तीतही तेच सुरू झालं होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. सरसाचे दोनशे डबे झाले तेव्हा सासऱ्यांनी किमान साठा दोनशे ठरवला. आम्ही ढोर मेहनत करून चारशे केले, तर त्यांनी किमान साठा चारशेवर नेला, कारण वस्ती वाढतेय, गरज वाढणार. आम्ही जितकं आणू तितका किमान साठा वर. म्हणजे देण्याजोगा माल कायम शून्य. वायरलेसवाल्याने एकदा बंदुकीसाठी दोन डबे मागितले, तर त्याच्याकडून लेखी मागणी घेतली: वस्तू, नग, कारण, कुणाच्या सांगण्यावरून. कारणात त्याने बिचाऱ्याने "बंदूक" लिहिलं. मागणी परत आली, शेरा: बंदूक हे कारण नव्हे, वस्तू आहे.

वस्तीची उत्तरेकडची भिंत तर अर्धीच होती. चौदा माणसं अर्ध्या भिंतीआड झोपायची आणि त्यांच्या उशाशी सरसाचा डोंगर.

एका रविवारी दुपारी गेमने इशारा दिला: लुटारूंची मोठी टोळी निघाली आहे, वीस मिनिटांत पोचेल. सासरे बैठकीतल्या टेबलाशी बसले होते, मी शेजारी माझ्या लॅपटॉपवर, आणि सासूबाई मागच्या खुर्चीत, वॉकर पुढ्यात. पडल्यापासून त्यांना दुसरं करायला काही नव्हतं, म्हणून त्या रोज आमचा खेळ बघत बसायच्या. त्यांना काय कळतंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

नर्सने चारशे ऐंशी डबे सरस आणि चाळीस पत्रे मागितले. सासऱ्यांनी लेखी मागणी मागितली. नर्सने दात खाऊन ती लिहिली. कारण: भिंत. सासऱ्यांनी विचारलं, कुठली भिंत? तिने लिहिलं, उत्तरेची. त्यांनी विचारलं, किती लांबीची? अकरा मिनिटं उरली होती. नर्सने कारणाच्या जागी लिहिलं: जीव वाचवणे. यावर मात्र सासरे अडले नाहीत. कारण योग्य आहे म्हणाले, वहीत बघितलं आणि कळवलं, की शिल्लक आठशे बारा, किमान साठा आठशे, सबब बारा डबे देता येतील. पत्र्यांच्या बाबतीत क्षमस्व.

बारा डब्यांत एक पत्रा बसतो, आणि खाटांखाली एक जुना पत्रा पडलेला होता. तो आम्ही लावला. लुटारू त्याच्या शेजारून आत आले.

मी खूप लढाया हरले आहे, पण ती लढाई नव्हती. ड्रायव्हर पहिल्या मिनिटात गेला. वायरलेसवाला गेला, त्याची बंदूक शेवटपर्यंत दुरुस्त झाली नाही. मी पंपामागे लपले आणि तिथेच गेले. नर्स एकटी फाटकात उभी राहिली आणि पडताना तिने माइकवर स्टोअरकाकांना जे काही म्हटलं ते मी इथे लिहू शकत नाही. ऑफिसात ती फार सभ्य बाई आहे. चौदाच्या चौदा माणसं मेली. खाटा जळल्या, पंप फुटला. मग टोळी निघून गेली आणि पडद्यावर नुसता धूर राहिला.

त्या धुरातून सासऱ्यांचा माणूस चालत आला. पेट्यांमागे बसला होता, म्हणून वाचला. या गेममध्ये पेट्या फुटत नाहीत, जळत नाहीत, लुटल्याही जात नाहीत. त्याने एकेक पेटी उघडली. सासरे वहीशी ताडून बघत होते. शेवटची पेटी बंद झाली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी नातवंडं झालेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

मागून सासूबाईंनी विचारलं, "किती गेले?"

"चौदा," सासरे म्हणाले. "पण माल बघ. एक नग इकडचा तिकडे नाही."

सासूबाईंनी पुढ्यातला वॉकर बाजूला सरकवला. मग त्यांनी कोर्टातल्या आवाजात, प्रत्येक शब्द वेगळा करून विचारलं, "अहो, बायकोचा किमान साठा किती धरलाय तुम्ही?"

सासऱ्यांना आधी ती थट्टा वाटली. ते हसले आणि म्हणाले, "एकच तर आहे."

"एकच आहे. मग साठा संपला तरी चालेल असं ठरलंय का? पाईप मात्र दोन पाहिजेत. मी दोन महिने सुनेच्या हातून आंघोळ करतेय. भिंतीवर तुमच्या चार फुल्या आहेत, रोज मी त्यांच्याकडे तोंड करून बसते. उद्या पडले आणि गेले, तर आलेल्या लोकांना हेच सांगाल ना? बाई गेली, पण पाईप शिल्लक आहेत."

सासऱ्यांनी हेडफोन काढला. मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसलं, खरं तर तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी वहीची कड बोटाने सरळ केली. मग म्हणाले, "एकदा दिलं की संपतं गं. परत येत नाही." आवाज इतका लहान झाला होता, की मला त्यांची दया आली आणि त्या दयेचा रागही आला.

"आणि दिलं नाही ते कुठे राहिलं तुमच्याकडे?" सासूबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं कुणाला सुखाने एक बोल्ट दिला नाहीत. कुणाच्या हाती लागलं सगळं? ट्रकवाल्याच्या."

हे त्यांनी बोलायला नको होतं असं मला वाटलं. दुसऱ्याच क्षणी वाटलं, दोन महिन्यांपूर्वीच बोलायला हवं होतं, आणि त्यांनी नाही तर मी.

सासरे उठले. पॅसेजमध्ये गेले. कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. मी जाऊन बघितलं तर ते दोन्ही पाईप हातात घेऊन नुसते उभे होते. मला बघून म्हणाले, "ड्रिलची वायर लांबवायची आहे. बोर्ड आणून दे." मी पळत जाऊन आणला, म्हटलं यांचं मन फिरायच्या आत.

दुपारचे चार ते संध्याकाळचे सात, आमच्या घरात भिंत फोडण्याचं काम चालू होतं. ज्या माणसाने आयुष्यभर काही दिलं नाही, तो द्यायला बसला की त्याला थांबवणं कठीण. एका दांडीला चार बोल्ट लागतात. त्यांनी आठ मारले. एक दांडी स्टुलाशेजारी लावली. मला वाटलं झालं. तर दुसरा पाईपही कापून दाराच्या आत लावला, आत शिरताना धरायला. ब्रॅकेट संपले, वायसर संपले. मग दोन्ही दांड्यांना स्वतः लोंबकळून बघितलं. सत्तर किलोंचा रिटायर माणूस बाथरूममध्ये पाय दुमडून लटकतोय, हे दृश्य मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतेय.

नर्सचा मेसेज आला होता. वस्ती पुन्हा पहिल्यापासून बांधायची आहे. काकांनी माल आणायला जरूर यावं, त्यांच्यासारखा माल कुणी आणत नाही, पण किल्ली यापुढे तिच्याकडे राहील. मी तो सासऱ्यांना वाचून दाखवला. भिंतीचा चुना अंगावरून झटकत ते म्हणाले, ठीक आहे. एवढंच म्हणाले, म्हणून मला जास्त विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई वॉकर घेऊन बाथरूमपाशी आल्या. मी सवयीने टॉवेल घेऊन मागे निघाले. त्यांनी माझ्या हातातून टॉवेल घेतला, दाराशी वॉकर सोडला, आतली दांडी धरली, आत गेल्या आणि कडी लावली. दोन महिन्यांनी मी त्या कडीचा आवाज ऐकला.

सासरे बाहेर स्टूल घेऊन बसले होते. आतून टरटर फाडल्याचा आवाज आला आणि ते ताडकन उठले. दांड्यांवरचं प्लास्टिक त्यांनी काढलं नव्हतं. चकाकी जाऊ नये म्हणून तसंच ठेवलं होतं. "अगं, ओरखडे पडतील," ते दाराला तोंड लावून म्हणाले.

"प्लास्टिकवरून हात निसटतो," आतून उत्तर आलं. दाराच्या फटीखालून प्लास्टिकचा चोळामोळा बाहेर सरकला. सासऱ्यांनी तो उचलला, बघितला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग पाणी वाजायला लागलं. वाजत राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. मला ऑफिसला उशीर होत होता, पण पाय निघत नव्हता. एवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, आनंदाने जरा चढलेला.

"अहो, बाहेर बसून मिनिटं मोजू नका."

सासरे मोजतच होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात टाकलं आणि तिथेच बसून राहिले.